रणोजीरावांच्या क्लॅरिनेटमधली गळती

रणोजीराव म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते ऑक्सिजनवर होते. त्यातून वाचले, रक्तातल्या साखरेच्या गोळ्या मागे लावून घेऊन घरी आले आणि पुन्हा कामाला लागले. पण पुढच्याच एका लग्नात, वरात ऐन रंगात असताना, त्यांचा वरचा सूर मध्येच फुस्स झाला. ट्रंपेटवाल्यांनी वळून पाहिलं. रणोजीरावांनी वाद्याकडे असं पाहिलं, की जणू त्यानेच चारचौघांत शिवी दिली असावी.

मग दुरुस्ती सुरू झाली. भोकांवरच्या गाद्या बदलल्या, रीड बदलली, माउथपीस बंगळूरहून मागवलं. हवा कुठून तरी गळतच राहिली. त्यांची बायको तुळसी म्हणाली, वाद्याला इतके डॉक्टर झाले, आता एकदा स्वतःला दाखवा. उजवा गाल बधिर झालाय असं तुम्हीच म्हणता. त्यावर रणोजीरावांचं उत्तर ठरलेलं असे, की दुखत नाही तर सुम्ने, उगाच डॉक्टर कशाला? माणूस तसा शहाणा. पण वाजवणाऱ्याला बिघाड नेहमी वाद्यातच दिसतो, त्याला कोण काय करणार.

एका सकाळी इडली खाताना त्यांची वरची दाढ अलगद हातात आली. कळ नाही, रक्त नाही. त्यावर ते पाणी प्यायले, तर पाणी नाकातून बाहेर आलं. तुळसीला आधी हसू फुटलं, मग त्यांचा चेहरा पाहून तिने ती दाढ रुमालात बांधून घेतली.

दातांच्या डॉक्टरने त्यांना मोठ्या इस्पितळात स्कॅनला पाठवलं. तिथे फोटो वाचणारी डॉक्टर होती स्पृहा, साताऱ्याहून नोकरीसाठी म्हैसूरला आलेली. मराठी बोलणारा पेशंट मिळाला म्हणून तिला आनंद झाला आणि ती भडाभडा बोलत सुटली. तिची मराठी छापील, रणोजीरावांची निम्मी कन्नड. त्यांच्या पदरात अर्धंमुर्धंच पडलं. करोनानंतर साखर वाढली, ती संधी साधून बुरशी नाकाच्या बाजूच्या पोकळीत शिरली, वरच्या जबड्याचं उजवं हाड मेलं, ते याच आठवड्यात काढायला हवं.

मेलेलं हाड जिवंत माणसात कसं राहतं, असं त्यांनी विचारलं. राहतं, ती म्हणाली. यातून त्यांना काहीच उलगडलं नाही.

घरी येऊन त्यांनी स्कॅनची फिल्म खिडकीला धरली. कवटी होती, दात होते आणि एका बाजूचं हाड वाळवी लागल्यासारखं खाल्लेलं होतं. पण ते डावीकडे होतं. रणोजीरावांनी गाल चाचपला. बधिर होता तो उजवाच. म्हणजे फोटो दुसऱ्याच कुणाचा! शेजारी जमले, त्यांनीही माना डोलावल्या. इस्पितळात असले घोळ होतातच. रणोजीरावांचा जीव भांड्यात पडला. ऑपरेशनच्या दिवशी ते गेलेच नाहीत.

तुळसीचा जीव मात्र टांगणीला लागला. फोटो खोटा म्हणावा, तर नवरा नाक चिमटीत धरून पाणी पितोय. खरा म्हणावा, तर त्यातलं भोक भलत्याच बाजूला. तिला काही सुचेना. शेवटी तिने त्यांच्या दंडाला धरलं आणि पुन्हा स्पृहासमोर नेऊन उभं केलं.

"हा फोटो माझा नव्हे, मॅडम," रणोजीरावांनी फिल्म टेबलावर ठेवली. "हे डावीकडे आहे, अल्वा, हो ना? माझा गाल उजवा."

स्पृहा हसली नाही, रागावलीही नाही. तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या अगदी समोर बसली.

"काका, तुमचा उजवा गाल माझ्या कुठल्या हाताला आला?"

तो डाव्या हाताला आला होता.

"आम्ही फोटो असाच बघतो. तुम्ही समोर बसल्यासारखा."

रणोजीराव खाली बघू लागले. वडिलांनी त्यांना असंच समोर बसवून क्लॅरिनेटवरची बोटं शिकवली होती, आणि समोरच्याचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो हे डोक्यात शिरेपर्यंत त्यांनी पेरांवर छडी खाल्ली होती. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. खिडकीपाशीही कळलं असतं, त्यांनी कळू दिलं नाही. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

दात कुठले जाणार, त्यांनी विचारलं. वरचे उजवीकडचे सगळे आणि समोरचे दोन, ती म्हणाली. क्लॅरिनेट ज्यांच्यावर टेकतं, तेच ते दोन. नंतर टाळूला झाकण बसवू, जेवता येईल, बोलता येईल.

"आणि फुंकता?"

स्पृहाने फिल्म पाकिटात घातली.

"मला माहीत नाही, काका. पण आणखी थांबलात तर डोळा जाईल. मग जीव."

बाहेरच्या बाकावर तुळसी त्यांच्याशेजारी बसली. जीव वाचणार म्हणून हायसं वाटून घ्यावं की काय करावं, दोघांनाही समजत नव्हतं. मग रणोजीरावांनी बँड चालवणाऱ्या विश्वेशला फोन लावला आणि या मोसमाला दुसरा माणूस बघायला सांगितलं. मामा, तुमचं वाद्य अजून दुरुस्त झालं नाही की काय, असं त्याने विचारलं.

"वाद्य ठणठणीत आहे रे," रणोजीराव म्हणाले. "मीच त्याला सुम्ने खोलत बसलो. तू ये आणि घेऊन जा. कुणी वाजवलं नाही तर त्याच्या जोडांवरची बुचं सुकतात."