बाबांनी सोपवलेलं गाऱ्हाणं

बाबांच्या गळ्यातली गाठ कर्करोगाची निघाली. गोव्याच्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल असं वाटतं, पण आवाज राहणार नाही." ऑपरेशनला आठ दिवस होते.

आमचं गाव तळेऱ्याच्या फाट्यापासून आत. ग्रामदेवतेसमोर सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांसाठी मोठ्याने मागणं मागायचा मान आमच्या घराकडे. कित्येक वर्षं ते बाबाच घालत. मी कुडाळला नोकरी करणारा. देवळात मागे उभं राहून प्रत्येक मागण्याला गावाबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणायचं, एवढाच माझा संबंध.

रजा घेऊन घरी आलो आणि दिवसभर मोबाइलवर त्या आजाराबद्दल वाचत बसलो. दुसऱ्या दिवशी बाबांनी खळ्यात काजूबिया वाळत घातल्या आणि माझ्याजवळ येऊन टेकले.

"तेच्यात माझो घसो दिसता काय रे तुका?" आवाज आधीच फाटला होता.

मी मोबाइल खाली ठेवला. "बाबा, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटता रे. पण कापूचा काम डॉक्टराचा. माझ्याकडे सात दिवस आवाज आसा, तेचा काय करूचा ता माझ्या हातात. गाऱ्हाणा शीक."

"लिहून घेतो."

"लिवलला वाचूक येता, घालूक येणा नाय. माझ्या मागसून म्हण."

रोज सकाळी आम्ही बसायचो. शेत, गुरंढोरं, परगावी गेलेली पोरं, सगळ्यांसाठी मागणं. मी चुकायचो. ते कोमट पाण्याचा घोट घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. शेवटच्या दिवशी त्यांचा आवाज जेमतेम फुटत होता. मी म्हटलं, "पुरे आता." त्यांनी हातानेच खूण केली, म्हण.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी बाहेर बाकावर तेच पुटपुटत होतो. भीती गेली नाही. वेळ मात्र गेला.

बाबा वाचले. आवाज गेला.

जत्रेच्या दिवशी नारळ घेऊन मी देवीसमोर उभा राहिलो. गुरांसाठीच्या मागण्यापर्यंत नीट आलो आणि पुढचं साफ विसरलो. मी बाबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून, हात जोडून उभे होते. मला सावरायला त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

मग जे तोंडात आलं ते बोललो. "आणि माझ्या बापाशीची वाचा तुझ्याकडे इली हा, ती तुझ्या पायाकडे बरी रवान दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं. बाबांचेही ओठ हलले.

अजून दर तीन महिन्यांनी तपासणीला गोव्याला जावं लागतं. आदल्या दिवसापासून मला जेवण जात नाही. बाबा मात्र गाडीत बसले की वाटेतलं झाराप यायच्या आतच झोपी गेलेले असतात.