दावण विकली तेव्हा

"आधी खोड सांग. गुण काय, आपोआप दिसत्यात."

हे म्हणताना ते समोरच्याच्या दातांकडं बघायचे. मान जरा तिरकी, डावा डोळा बारीक. जन्मभर शेळ्यांचे दात बघून वय ठरवलेला माणूस, त्यामुळं माणसाशी बोलतानाही नजर आधी तिथंच जायची. आमच्या नांदूरघाटाकडं सगळे त्यांना मामा म्हणत. असा एखादा हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, तुमच्याही बाजारात तुम्ही पाहिला असेल. खांद्यावर उपरणं, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा, तोंडात अर्धी सुपारी. फक्त त्याच्या मालकीची इंटरनेट कंपनी नसेल. आमच्या मामांची होती. आणि ती विकत मागायला एक फार मोठी कंपनी विमानानं आली होती.

मी त्यांच्याकडं कामाला लागलो तेव्हा तिशीला टेकलो होतो. मोबाइल दुरुस्तीचं दुकान बुडालेलं, घरी बायको आणि दोन लेकरं. मामा शेळीच्या पायातला काटा काढत होते. वर न बघताच म्हणाले, "खोड सांग."

मी म्हणालो, "आठवीत शाळा सोडली."

"ही खोड न्हाई. ही हकिगत झाली. खोड सांग."

मी पुष्कळ विचार केला. "मला भ्या लई वाटतं मामा. कशाचंबी."

काटा निघाला. शेळी उभी राहिली. "हां, आता झालं. उद्यापसून ये."

दावण म्हणजे गोठ्यात जनावरं ओळीनं बांधायची जागा. मामांनी ती फोनमध्ये नेली. लातूरच्या एका पोरानं अ‍ॅप बनवून दिलं, नियम मामांनी घातले. विकणाऱ्यानं जनावराचा व्हिडिओ टाकायचा, पण सुरुवातीला स्वतःच्या तोंडानं त्याची खोड सांगायची. खोड नाही तर व्हिडिओ नाही. माझं काम ते ऐकायचं आणि कुणी लपवत असेल तर फोन करायचा.

"शेळी गरीब हाय, पर कापडं खाती. मेव्हण्याची पॅन्ट खाल्ली, तवापसून त्यो आला न्हाई. तसा तोटा झाला न्हाई म्हणा."

"बैल कामाला वाघ हाय. फकस्त दुसऱ्याच्या बांधावर गेला की खाली बसतो. माझ्या भावाच्या."

ज्यांना साधी कोंबडी घ्यायची नव्हती तेही लोक संध्याकाळी पारावर बसून दुसऱ्यांच्या जनावरांच्या खोडी ऐकायचे.

घेणाऱ्यासाठीही एक प्रश्न होता. शेळीला गिऱ्हाईक आलं की मामा विचारायचे, "पाळायला का कापायला?" यात दयामाया नव्हती. मामा स्वतः मटणाचे शौकीन, नळी फोडताना त्यांना हाक मारली तर ऐकू जायचं नाही. पण दुभती किंवा गाभण शेळी ते कापायला देत नसत. "दूध देणारं जनावर कापणं म्हंजी चालती गिरणी मोडून भंगारात घालणं," असं म्हणायचे. हा प्रश्न विचारल्याशिवाय त्यांनी कधी दावं सोडलं नाही. कधीच नाही, असं लिहिणार होतो, पण एकदा तसं झालं. त्याचीच तर गोष्ट आहे.

त्या मोठ्या कंपनीचं स्वतःचं जनावरांचं अ‍ॅप होतंच. फोनवर साबणापासून सोफ्यापर्यंत सगळं विकणारी कंपनी, तिला म्हैस काय जड? त्यांच्याकडं खोड नव्हती, तारे होते. आमच्या एका पाव्हण्यानं साडेचार ताऱ्यांची म्हैस घेतली, ती आटलेली निघाली. तक्रार केली तर कंपनीनं मनापासून माफी मागितली आणि पुढच्या म्हशीवर सूट दिली. त्यामुळं आमच्या भागात दावण चालायची आणि त्यांचं अ‍ॅप नुसतं फोनची जागा अडवायचं. शेजाऱ्याचं दुकान आपल्यापेक्षा जास्त चाललं की लहान माणूस जळतो. मोठा माणूस जळत नाही. तो शेजाऱ्याला दुकानाचा भाव विचारतो.

एक मॅडम आल्या, एक वकीलसाहेब आले आणि लॅपटॉपवाली दोन माणसं. आधी कपिलधारला जाऊन धबधब्यापुढं फोटो काढून आले. मग आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मामींचं पांढरं लुगडं भिंतीला लावून त्यावर चित्रं दाखवली. चित्रात शेतकरी हसत होता, शेळी हसत होती, दोघांच्या मध्ये एक बाण वर चालला होता. मॅडम 'एकत्र प्रवास' म्हणाल्या, 'कुटुंब' म्हणाल्या. पुण्याकडचं स्वच्छ मराठी होतं, कानाला बरं वाटत होतं.

मामा म्हणाले, "बोलता लई गोड तुमी. आता माझ्या मालाची खोड ऐका."

आणि सांगत सुटले. बाजाराच्या दिवशीच अ‍ॅप बंद पडतं. नफा म्हणाल तर दिसला की कळवू. हिशेब मामी ठेवतात, तो मामींनाच समजतो, तोही त्याच दिवशी. कंपनी विकत घ्यायला गेल्यावर असा मालक वकीलसाहेबांनी जन्मात पाहिला नसावा. आधी ते संशयानं बघत होते, मग भराभर लिहून घेऊ लागले, आणि प्रत्येक खोडीला त्यांचा चेहरा जास्त जास्त प्रसन्न होत गेला.

शेवटी मामांनी माझ्याकडं बोट केलं. "आन ह्यो. ह्याला भ्या लई वाटतं. पर खोड लपवणारा ह्याला आवाजावरनं कळतो."

वकीलसाहेब हळहळले. "यांचं कठीण आहे हो. आमच्याकडे कमीत कमी पदवी लागते."

दावण गेली की माझं काम गेलं. पत्र्याला टेकून मी उभा होतो, आणि बायकोला काय सांगायचं याची वाक्यं जुळवायला लागलो होतो.

मामा शांतपणे म्हणाले, "शेळीमागं करडू."

"म्हणजे?"

"दूधपितं करडू आसलं का शेळी एकटी इकत न्हाईत, सायब. करडाचा येगळा भाव धरत न्हाईत, पर ते मागं जातंच. न्हाईतर सौदा न्हाई."

वकीलसाहेबांनी माझ्या मिशांकडं पाहिलं. "हे करडू?"

"हां."

मॅडम बाहेर जाऊन फोनवर बोलून आल्या आणि म्हणाल्या, "चालेल. करडू येईल."

मामांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं शेडचा पत्रा उडाला. मला कोपऱ्यात ओढून कानात म्हणाले, "बघ बे. कापणारा मानूस कवा करडू मागं घिऊन जातो का? कशाला घिऊन जाईल? ही पाळणारी मानसं हायत."

मला पटलं. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हालाही पटलं असतं. आणि जो प्रश्न मामांनी प्रत्येक शेळीच्या गिऱ्हाइकाला विचारला, तो दावणीच्या गिऱ्हाइकाला विचारलाच नाही. उत्तर मिळालंय असं त्यांना वाटलं होतं. ते उत्तर मी होतो.

भाव मात्र तोंडानं करायला मामांनी नकार दिला. बाजारात भाव उपरण्याखाली बोटं धरून करतात, बाजूच्याला कळत नाही. त्यांनी उपरणं पसरलं. मॅडमनी हौसेनं हात पुढं केला. तेव्हा मामांच्या ध्यानात आलं की आपण परक्या बाईचा हात धरायला निघालोय. ते कानापर्यंत लाल झाले आणि ओरडले, "अगं, ये की भायेर!"

मामी पिठाचे हात पुसत आल्या. त्यांनी पदर टाकला आणि मॅडमना बोटांची भाषा शिकवत शिकवतच भाव केला. मॅडमना गुदगुल्या होत होत्या. लॅपटॉपवाली माणसं आढ्याकडं बघत होती. वकीलसाहेब पदराखाली वाकायला गेले तर मामी म्हणाल्या, "तुमी तिकडं बसा, भाऊ." किती ठरलं ते मला आजही माहीत नाही. मामी एवढंच म्हणाल्या, "पोरगी चिवट हाय. तिला म्हणावं जेवल्याबिगर जायचं न्हाई."

सही करायच्या दिवशी पुन्हा अडलं. मामा म्हणाले, "दावं देणार न्हाई."

आमच्याकडं जनावर विकलं तरी त्याचं दावं, म्हणजे बांधायचा दोर, कुणी देत नाही. घेणारा आपलं दावं आणतो. दावं गेलं की गोठ्याची बरकत जाते म्हणतात. मामांनी दावणीवर विकलेल्या पहिल्या शेळीचं दावं शेडमध्ये खिळ्याला टांगलेलं होतं, ते त्यांना ठेवायचं होतं. पण वकीलसाहेबांना घाम फुटला. हे दावं म्हणजे नक्की काय? अ‍ॅपची किल्ली? लोकांचे नंबर? म्हाताऱ्यानं इतक्या खोडी सांगितल्या त्या हे लपवायलाच तर नाही? बंगळुरूला, कंपनीच्या मोठ्या ऑफिसात, फोन झाले आणि कराराला आणखी पानं जोडली गेली. त्यात दावं 'भौतिक अथवा अभौतिक स्वरूपाचे' होतं आणि ते 'विक्रेत्याकडेच व कायमस्वरूपी' राहणार होतं.

"एवढं काय लिवतायत?" मामांनी मला विचारलं. "दोर हाय बे. अंबाडीचा."

मी बंगळुरूला आलो. काचेची इमारत, आपोआप उघडणारी दारं. पहिले काही दिवस दार माझ्यासाठी उघडलं की मला वाटायचं मागं कुणी साहेब असणार, आणि मी बाजूला सरकायचो. माझ्या हुद्द्याचं नाव इतकं लांब होतं की ते घरी सांगता येईना. बायकोनं शेजारणीला सांगितलं, "कंपनीत शेळ्यांचं बघत्यात."

तिथं दावण आधी सुधारली. खोड हा शब्द नकारात्मक आहे असं एका बैठकीत ठरलं. त्या जागी 'सुधारणेची संधी' आलं. 'सुधारणेची संधी: लाथ मारते.' पुढं ती संधी भरणं ऐच्छिक केलं. मग तारे आले. लोक कमी झाले. मग लोक का कमी झाले यावर बैठक झाली, तिथं मला बोलावलं नव्हतं. आणि एका सकाळी सगळ्यांना मावळत्या सूर्याचं सुंदर चित्र आलं, खाली लिहिलं होतं की दावणीचा प्रवास आता कंपनीच्या मोठ्या प्रवासात विलीन होत आहे. दुपारी अ‍ॅप उघडलं तर उघडलं नाही. आता आमच्या भागात जनावरांचं एकच अ‍ॅप राहिलं. त्यांचं.

माझी नोकरी राहिली. करडू करारात होतं.

मी मामांना फोन लावला. तिकडून शेळ्यांचा आवाज, मग त्यांचा. "आधी खोड सांग."

"दावण बंद केली, मामा."



"म्हंजी कापली."

"हां."

"इचारायचं ऱ्हायलं बघ." मग एकदम घाबऱ्याघुबऱ्या आवाजात, "तुला तर न्हाई ना काढलं?"

"न्हाई मामा."

"मग झालं. भाकर खाल्ली का?"

सुट्टीवर गेलो तेव्हा मामा पुन्हा पायी बाजार करत होते. मला बघून आधी दात पाहिले. मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी दोन बोटांत धरली, ओढून बघितली. विसरून तशीच घालून आलो होतो. "चांगलंय," म्हणाले. "दावं त्यांनी त्यांचं आणलं. रीत पाळली."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. मामींचा फोन आला. रजेच्या अर्जात मयताशी नातं निवडायचं होतं. यादीत मामा नव्हते. मी 'इतर'वर बोट ठेवलं. मंजुरी आली तोवर तिकडं सगळं उरकलं होतं.

म्हणून मला शेवटचे आठवतात ते त्या सुट्टीतले. मला सोडायला मांजरसुंब्यापर्यंत आले होते. बाजारातून तसेच आलेले, खांद्यावर ते खिळ्यावरचं अंबाडीचं दावं, रिकामंच. दिवस कलला होता. मी ट्रॅव्हल्समध्ये खिडकीशी बसलो, ते ढाब्यासमोर चहाचा कप घेऊन उभे. ढाबेवाला ओळखीचा. तो भट्टीपुढूनच ओरडला, "मामा, दावं मोकळंच? जनावर कुठंय?"

मामांनी हनुवटीनं माझ्या खिडकीकडं दाखवलं. "त्ये काय, चाललं."

"इकलं व्हय?"

गाडी हलली. मामा खिडकीबरोबर चार पावलं चालत आले, मान तिरकी करून माझ्याकडं बघत, आणि मागं वळून त्याला म्हणाले, "न्हाई रे. पाळायला दिलंय."