मालिकेतल्या सुनेचं केळवण

दुपारी पेपर वाचण्याच्या बहाण्याने मी बायकोची मालिका बघतो. पान तासभर उलटलं जात नाही, हे तिने केव्हाच ओळखलंय. हल्ली त्या मालिकेत परदेशी सून यायची आहे. सासू आधी रुसली. मुलीने मोदकाला नीट कळ्या पाडल्यावर विरघळली. आज तिचं केळवण होतं, ताटाभोवती रांगोळीची महिरप वगैरे. बायकोने डोळे पुसले. प्रेमाला रंग नसतो, असं मालिका रोज सांगते. मुलगी मात्र गोरीपानच आणते.

आमची होणारी सून वांजिरू केनियाची आहे, काळी. ती आणि आमचा मुलगा पुढच्या आठवड्यात लग्नासाठी इथे येतायत. पत्रिका सगळ्यांना पोचल्या, पण केळवणाला अजून कुणीही बोलावलेलं नाही. मला राग यायला हवा. पण मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय बधिर होतो, तसं मनाचं झालंय.

जाहिराती लागल्या आणि थोरल्या वहिनींचा फोन आला.

"भावोजी, बघताय ना? किती गोड दिसते हो पोर. वाटतं, आपणच जेवायला बोलवावं."

"वांजिरूला बोलवा की. येतेच आहे."

"हो, बघू ना. सुरू झाली हो मालिका, ठेवते."

बायको म्हणाली, "केळवण म्हणजे काय, हे वांजिरूला कुठे माहीत आहे? तिला काही वाटायचं नाही."

"आपल्या मुलाला माहीत आहे," मी म्हणालो.