विमानावर होतो

आमच्या खान्देशात कुणी ‘ट्रकवर आहे’ म्हटलं, की तो ड्रायव्हर की क्लीनर, हे कुणी विचारत नाही. ट्रकवर आहे म्हणजे आहे. आबांबद्दल आई तसंच सांगायची, आपल्या अहिराणीत, मोठ्या ठसक्यात: “तुना बाप इमानवर व्हता.” आणि मी जन्माची आगाऊ. माझे आबा पायलट होते, असा अर्थ मी परस्पर लावून टाकला होता.

त्यांना कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? नेव्हीत होते, विमानं वाहून नेणाऱ्या जहाजावर होते, भिंतीवर पांढऱ्या गणवेशातला फोटो होता. मग असा माणूस सगळं सोडून सुरतेत येतो आणि पांडेसऱ्याला लूमच्या कारखान्यात फिटर होतो, हे कसं काय, असा प्रश्न एखाद्या शहाण्या मुलीला पडला असता. मला नाही पडला.

सुरतेत चौऱ्याण्णवचा प्लेग यायच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. बारावी होऊन मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात फोन घ्यायला बसत होते. शेठचा पुतण्या अमेरिकेहून आला तो एक विमान घेऊन. जुन्या काळी जहाजावरून उडून बॉम्ब टाकणारं स्कायरेडर नावाचं विमान होतं म्हणे, त्याचं हे हुबेहूब छोटं रूप. आत खरं इंजिन, आणि उडवायचं रिमोटनं. जाडजूड नाक, पुढं एकच पंखा, पोटाखाली खोटे बॉम्ब. ऑफिसचं टेबल त्याला पुरेना. तेव्हा पुतण्यानं दोन्ही पंख वर उचलून चक्क मिटले. खऱ्या विमानाचेही असेच मिटायचे, जहाजात जागा कमी म्हणून. ह्याचे मिटायचे ते मारुतीत मावावं म्हणून.

मी तोंड आवरायला हवं होतं. कुठलं आवरतेय! “यात काय, माझे आबा नेव्हीत पायलट होते, असली खरी विमानं उडवायचे,” मी ठोकून दिलं. शेठ खुर्चीतून उठलाच. आपल्या कारखान्यात पायलट, आणि तो लूमला तेल घालतोय! येत्या रविवारी बमरोलीच्या पुढच्या मैदानावर विमान उडवायचं आणि आबांना बोलवायचं, असं तिथल्या तिथं ठरलं. घरी मी एवढंच सांगितलं, की शेठनं विमान बघायला बोलावलंय. आई हरखली. तिनं डबाभर शेंगदाण्याचे लाडू वळले.

मैदानावर कारखान्यातली पंधरा-वीस माणसं होती. शेठच्या घरच्या बायका चटई टाकून बसल्या होत्या, त्यांच्या कडेला आई टेकली, डबा मांडीशी. पुतण्यानं पंख उघडून इंजिन सुरू केलं, आणि बाई गं, काय तो आवाज! शेठनं सगळ्यांसमोर रिमोट आबांच्या पुढे धरला. “तमे तो पायलट हता ने? लो, तमे ज उडाडो.”

आबांनी रिमोटकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ते रागावले नव्हते, बुचकळ्यात पडले होते.

मग आपल्या मोडक्यातोडक्या गुजरातीत ते म्हणाले, की नाही शेठ, मी पायलट कधीच नव्हतो. मी पंखावर होतो. विमान खालून डेकवर आलं की त्याचे मिटलेले पंख उघडायचे, ते अडकवणारी पिन नीट बसली का बघायचं आणि बाजूला व्हायचं, हेच माझं काम. विमानात बसून मी जन्मात उडालो नाही.

आणि मग जो हशा पिकला! “पंखावाला!” कुणीतरी ओरडलं. “काका, ऑफिसचा पंखा बिघडलाय, तेवढा बघा.” ज्याच्या जिवावर मी नाक वर करून हिंडत होते, तो माणूस असा सहज, हात झटकल्यासारखा, मी कुणी नव्हतो म्हणून मोकळा झाला होता. नको ते मी बोलले होते, आणि राग मला त्यांचा येत होता.

आबांचं हसण्याकडे लक्षच नव्हतं. ते वाकून विमानाचा डावा पंख बघत होते. “भाई, ये पिन पूरी नहीं बैठी,” ते पुतण्याला म्हणाले. “बंद करो.” पुतण्या हसला. अमेरिकेत पन्नासदा उडवलंय म्हणाला. आबा हटेनात. “एक बार देख तो लो.” पुन्हा हशा.

माझा तोल गेला. “आबा, गप्प बसा ना आता!” मी सगळ्यांदेखत किंचाळले. “झाली तेवढी शोभा पुरे!”

आबा गप्प बसले.

पण जागेवर थांबले नाहीत. थेट बायकांकडे गेले आणि म्हणाले, उठा, विमानाच्या वाटेतून तिकडे सरका. शेठच्या घरच्या बायका एकमेकींकडे बघत उठल्या. “काब्र उठू?” कशाला उठायचं, म्हणून आई कुरकुरली. तेव्हा त्यांनी तिचा हात धरून तिला उभं केलं. चारचौघांत आईचा हात धरलेला मी कधी पाहिला नव्हता. आता हे आणखी काय, म्हणून मी दात खात उभी.

विमान धावलं आणि अलगद उचललं. खोटं कशाला बोलू, मीही मान वर करून बघतच राहिले. लांबवर जाऊन ते वळलं, आमच्याकडे झेपावलं, पुतण्यानं त्याला एकदम वर खेचलं, आणि डावा पंख मिटला. टेबलावर मिटला होता तस्साच.

ते किंचाळत खाली आलं ते चटईवर. नाक वीतभर जमिनीत घुसलं. लाडवांच्या डब्याचा चेंदामेंदा झाला. आई दहा पावलांवर उभी होती, आबांनी उभी केली होती तिथंच. मी त्या डब्याकडे बघत राहिले.

परतताना आम्ही चालत निघालो. आई पुढे, रिकाम्या हातानं. मी कसंबसं म्हटलं, “आबा, चुकलं माझं.”

चालता चालता ते म्हणाले, “जहाजावर एकदा मला अशीच अर्धवट बसलेली पिन दिसली. दिसली असं वाटलं. खात्री नव्हती. पायलटसाहेब आत बसलेले, सगळ्यांची घाई. मी बोललो नाही. विमान गेलं, पाऊण तासानं धडधाकट परत आलं. पिन बहुतेक नीटच होती. पण तो पाऊण तास, पोरी... त्यानंतर पंखाला हात लावायचा धीर होईना. सोडलीच नोकरी. तेव्हा ठरवलं होतं, पुन्हा काही दिसलं तर बोलायचं.”

चार पावलं चालून ते थांबले. माझ्याकडे वळून, अगदी काकुळतीला येऊन विचारलं, “आज बोललो ना मी? तू ऐकलंस ना?”

“ऐकलं, आबा,” मी म्हणाले. ऐकूनच तर गप्प केलं होतं त्यांना.