वेशीवर थांबलेली गंगा

आमच्या महाळुंग्यातून काशीला जाऊन आलेला माणूस वर्षभर दुसरं काही बोलत नाही. चिमाजी एक्कावन्न साली जाऊन आला, तेव्हापासून त्याच्या म्हशीलासुद्धा सगळे घाट पाठ झाले असतील. गेनबादादा मात्र काशीबद्दल गावात चकार शब्द बोलला नाही. कुणी त्याला घुमा म्हटलं, कुणी शिष्ट. लोकांचं काय जातं म्हणायला! खरं काय ते मला माहीत आहे, कारण त्यात माझा हात आहे.

आमचं घर त्याच्या भिंतीला भिंत लागून. चौपन्न साली मी लग्न होऊन इथं आले. दादाची आई गवराबाई, तिला मी आत्याबाई म्हणायची. चाकणला चक्रेश्वराच्या देवळात पुराण ऐकून ऐकून तिला काशीची देवळं तोंडपाठ झाली होती. पण गुडघे गेलेले. म्हणून पंचावन्न साली, माघात कांदा निघाल्यावर, तिनं दादाला पिटाळलं. "तू जा, समदी देवळं बघ अन् मला येऊन सांग," म्हणाली. "अन् गंगा आण. मरायच्या आधी तोंडात पडली की मी सुटले." तेव्हा ती काठी टेकत परड्यात जात होती. मरणाचं ती बोलायची ते सगळ्या म्हाताऱ्या बोलतात तसंच.

दादा तळेगावला गाडीत बसला. काशीत प्रत्येक देवळात त्यानं दोनदा डोकं टेकलं, एकदा आपलं, एकदा आईचं. विश्वनाथाला एवढी गर्दी, की पिंड दिसेचना. माणसांच्या पायांमधून हात घालून चाचपली, आणि मग तो हात धुवायला त्याचा जीव होईना. अन्नपूर्णेला म्हणाला, आईला अन्न जात नाही, तेवढी भूक दे. बिंदुमाधवाच्या पायऱ्या दोनदा मोजल्या, कारण आई विचारणार हे ठाऊक. बरोबरची माणसं परत निघाली तरी आईनं सांगितलेली दोन देवळं राहिली होती, म्हणून तो दोन दिवस मागं थांबला. शेवटी तांब्याचा गडू भरून घेतला आणि कासाराकडून त्याचं तोंड झाळून पक्कं बंद केलं.

इकडे फाल्गुनात आत्याबाईला ताप भरला आणि आठ दिवसांत तिनं अंथरूण धरलं.

काशीहून आलेल्या माणसानं थेट घरात शिरायचं नाही, ही आमच्याकडची रीत. वेशीवरच्या मारुतीत थांबायचं. गावानं वाजतगाजत गंगा घरी न्यायची, तिची पूजा करायची, जेवण घालायचं, मग गडू फोडायचा. त्याला मावंदं म्हणतात. दादा दुपारी वेशीवर उतरला, आणि वाजंत्री नेमके खेडला लग्नाला गेलेले, ते दुसऱ्या दिवशी सकाळी येणार. भावकीतल्या उद्धवरावांनी सांगून टाकलं, की मुक्काम मारुतीतच. म्हातारीला जरा कणकण आहे, उद्या गंगा बघून उठून बसेल. हे गृहस्थ महिन्यात तिच्या उंबऱ्याला लागलेले नव्हते. पण रीतीभाती सांगायला सगळ्यांच्या पुढं.

दादा आल्याचं मी आत्याबाईला सांगितलं. तिनं डोळे उघडले. "वाजत येऊ दे माझी गंगा," म्हणाली. "त्याला म्हणावं, मी हाय." दादाची बायको कुशावयनी म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, "वाजंत्री ऱ्हाऊ द्या म्हणावं. गडू घेऊन आत्ताच्या आत्ता या. नखं निळी पडल्यात."

असे दोन निरोप घेऊन मी निघाले.

मारुतीत दहा-बारा पुरुष बसलेले. पाटावर गंगा, तिला हळदकुंकू वाहिलेलं. मी नवी सून, पदर नाकापर्यंत. त्यात गंगेपुढं मरणाचं अक्षर काढू नये, हे सासूनं, गोजाबाईनं, निघताना बजावलेलं. उद्धवरावांनी विचारलं, काय म्हणती म्हातारी? मी म्हणाले, आत्याबाई म्हणत्यात वाजत येऊ दे, त्या हायेत. दादाचा चेहरा असा काही फुलला! माझी आय अशीच, म्हणून तो सगळ्यांकडे बघून हसला. त्या हसण्यापुढं मला नखांचं बोलता आलं नाही. दुसरा निरोप मी तसाच माघारी आणला.

कुशावयनीनं नजरेनंच विचारलं. सांगितलं म्हणाले.

सकाळी सनई आमच्या आळीच्या वळणावर वाजली, तेव्हा आत्याबाईला जाऊन घटकाही झाली नव्हती. डोक्यावर गंगा घेतलेला दादा दारात आला आणि समजला. त्यानं कोयत्यानं गडूचं तोंड उडवलं आणि आईच्या ओठांवर पाणी धरलं. ते आत गेलं नाही, ओठाच्या कोपऱ्यातून कानाकडे वाहिलं. कुशावयनीनं पदरानं ते टिपलं आणि म्हणाली, "आता कशाला?"

तेव्हापासून ती नवऱ्याशी कामापुरतं बोलते. तिला वाटतं, आपण निरोप धाडला तरी हा मारुतीत बसून राहिला. त्याला वाटतं, आईच्या मरणानं ही अशी झाली. एका घरात दोन माणसं अशी चार वर्षं जगतायत, आणि दोघांच्या मधली भिंत मी घातली. सांगायचं म्हणून किती वेळा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि ताक मागून परत आले. मी भित्री आहे, दुसरं काही नाही.

आईला सांगायची राहिलेली देवळं दादा मला सांगतो, फक्त मला. का, तर तिचा शेवटचा शब्द मी आणला. परवा दिवस मावळताना तो परड्याच्या कुडापाशी आला. सांगता सांगता बिंदुमाधवाच्या पायऱ्यांपर्यंत आला आणि थांबला.

"शकू, आय सोता म्हणाली व्हती ना, वाजत ये?"

"व्हय, दादा."

हे त्यानं शंभरदा विचारलंय. पण परवा पुढं विचारलं.

"अन् कुशीनं काय सांगितलं न्हवतं?"

माझी जीभ सवयीनंच वळली. न्हाई म्हणाले.

मान वर केली तर चुलीवरची भाकरी टाकून कुशावयनी मागच्या दारात आलेली, हाताला पीठ तसंच. तिनं सगळं ऐकलं होतं. ती दादाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.