दुपारची वीस मिनिटं

बाबा पुण्याहून आमच्याकडे दुबईला आले ते जुलैत. ऐन जुलैत दुबईला बोलावण्याचा शहाणपणा कोणाचा, विचारू नका; माझाच. आई गेल्यावर त्यांना एकटं ठेवायला मन धजत नव्हतं.

इंटरनॅशनल सिटी या दुबईतल्या वस्तीत आमच्या शेजारी एक चिनी बाई राहतात. एकमेकांची भाषा येत नसतानाही मोडक्यातोडक्या हिंदीवर आठवडाभरात बाबांची त्यांच्याशी गट्टी जमली. त्यांच्या चिनी वैद्यकात उन्हाळा हा हृदयाचा ऋतू. बर्फाचं पाणी नको, कोमट प्या. कारलं खा, हिरव्या मुगाचं पाणी घ्या, एसीचा झोत अंगावर घेऊ नका. आणि अकरा ते एक ही हृदयाची वेळ. तेव्हा वीस मिनिटं डोळे मिटून पडायचं. "गरमी में गुस्सा नहीं," बाजारात शिकलेल्या हिंदीत त्या मला बजावायच्या. मलाच का, ते सगळ्या मजल्याला ठाऊक होतं.

बाबांनी सगळं मनावर घेतलं. अकराला त्यांचं दार बंद व्हायचं आणि वीस मिनिटांनी मी चहा घेऊन त्यांना उठवायची.

त्या दिवशी मी घरून काम करत होते. बाबांनी हॉलमधला एसी बंद केला आणि मी भडकले. बाहेर ऊन आग ओकतंय आणि तुमची ही थेरं कसली, असं नको नको ते बोलले.

"अगं, उन्हाळ्यात चिडू नये," एवढंच म्हणून ते खोलीत गेले.

वीस मिनिटं झाली. मी उठवलं नाही. भूक लागली की येतील, म्हटलं. खरं सांगायचं तर घर शांत होतं, ते बरं वाटत होतं. दीडच्या सुमाराला मुलीला म्हटलं, आजोबांना जेवायला बोलाव. ती दारापर्यंत जाऊन परत आली.

"डोन्ट डिस्टर्ब हिम, मम्मा. इट्स आजोबाज हार्ट टाइम."

साडेतीनला मी दार उघडलं. डोळे उघडे होते, तोंड वाकडं झालं होतं. उजवा हात पलंगावरून खाली लोंबत होता.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, "इनको ठीक हालत में आखिरी बार कब देखा?"

"ग्यारह बजे."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं; ती वेळ टळून गेली होती.

बाबा आता बोलत नाहीत. शेजारच्या बाई अजून मुगाचं पाणी आणून देतात, मी ते चमच्याने भरवते. दुपारी ते पडले की दर वीस मिनिटांनी मी त्यांना हलवून उठवते. ते डोळे उघडतात, माझ्याकडे बघतात. चिडतसुद्धा नाहीत.