पडलेल्याकडं पळायचं न्हाई

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पायजे, न्हाईतर माझ्याच्यानं राहवणार न्हाई. कडेगावास्नं येऊन अर्धा तास झाला, अजून पाय बी धुतले न्हाईत, तशीच टाईप करत बसलीय. चुका दिसतील, चालवून घ्या.

मी सांगलीला कॉलेजला असते, सुट्टीत वडूजला घरी आले. फोनवर मी शहरातल्या लढाईचा गेम खेळते, कॉलेजातल्या तिघींसंगं. गल्ल्या, जिने, गच्च्या, आणि आमची चौघींची टीम. माझा डाव एकच, दार दिसलं की घुसायचं. म्हणून पयली मीच मरायची. एक मैत्रीण तर म्हणायची, तू आधी मरून घे, मग आमी निवांत खेळतो.

माझा दादा सैन्यात हाय. तो बी सुट्टीवर आलेला, पण ह्या खेपेला लय गप्प. त्याच्या तुकडीतला कडेगावचा जोडीदार चकमकीत गेला, त्याला चार महिने झाले. आमच्याकडं रीत हाय, सुट्टीवर आलेला जवान पयलं शहीद जोडीदाराच्या घरी जाऊन येतो, मग आपल्या पावण्यांकडं. त्या जोडीदाराच्या आईचे दोनदा निरोप आलते. दादा रोज म्हणायचा, जाऊ उद्या. बारा दिवस झाले तसं आई धुसफुसायला लागली, लोक तोंडावर विचारत्यात म्हणून.

एका दुपारी मी खेळत हुते, तर तो मागं येऊन बसला. म्हणाला, दारात उभी राहू नकोस, दारात माणूस चौकटीतल्या फोटोगत दिसतो. मग शिकवतच सुटला. आत जायच्या आधी कान द्यायचा. कोपरा एकदम न्हाई, थोडा थोडा उघडत बघायचा. जिन्यात नजर वरच्या वळणावर. बाहेर पडायची वाट ठरवल्याबिगर आत पाऊल टाकायचं न्हाई. दोन दिवसांत मी शेवटापर्यंत टिकायला लागले. दादा हसायला बी लागला. आई म्हणाली, फोन का असंना, पोरगं बोलतंय तरी.

मग परवा गेममधी आमच्यातली एक गल्लीत गोळी लागून पडली. पडलेलीला थोडक्या वेळात जाऊन उठवलं तर ती वाचती. मी पळणार, तर दादानं माझं मनगटच धरलं.

"जाऊ नकोस. तिला मुद्दाम अर्धी मारलीय. तू यायची वाट बघत्यात."

"आरं, पण मरंल की ती."

"मरू दे."

मी थांबले. ती मेली. तेवढ्यात वरच्या खिडकीत मारणारा हलला, मी त्याला टिपला, आमी जिंकलो. मी उड्या मारत विचारलं, हे कुठं शिकलास रं?

"शिकवत्यात आमाला," दादा म्हणाला. "पण तो माझं नाव घेऊन हाका मारत हुता."

आणि उठून गोठ्याकडं गेला. तवा मला कळलं, तो कडेगावला का जात न्हाई ते. जोडीदार गल्लीत पडला हुता, आणि हा भिंतीआड थांबला हुता.

आज मीच म्हणाले, चल, मी येते संगं. मायणीवरनं गाडीवर गेलो. जोडीदाराच्या आईनं, त्या मावशींनी, च्या दिला, शेजारपाजारची माणसं जमली. मावशींनी एकच विचारलं.

"शेवटाला त्याच्याजवळ कोण हुतं रं बाळा?"

मी खाली फरशीकडं बघत बसले.

"आवं मावशी, मी हुतो की," दादा म्हणाला. "डोकं माझ्या मांडीवर हुतं."

मावशी लय रडल्या. म्हणाल्या, मग माझं लेकरू एकटं न्हवतं. मग उठून त्यांनी सगळ्यांसमोर दादाला मानाचा टॉवेल-टोपी केला. टोपी सोताच्या हातानं डोक्यावर घातली आणि बजावलं, आता दर सुट्टीला पयलं हितं यायचं, मगच आईकडं. दादा व्हय म्हणाला. त्याचे कान लाल झालेले मी बघितले.

येताना मायणीच्या पुढं त्यानं गाडी थांबवली, टोपी काढून माझ्याकडं दिली. मी म्हणाले, बरं केलंस तू. तो म्हणाला, "मी पुढची सुट्टी घेतच न्हाई. आईला सांगू नकोस."

आई आत भाकरी थापतीया, विचारतीया काय काय झालं म्हणून. मी काय सांगू? तुमच्या घरातलं कुणी असं खोटं बोललेलं तुमाला ठावं हाय का, आणि तरी तुमी गप्प बसलाय का? झालंय का कुणाचं असं?